स्पर्शाची वर्दी आणि बोटाची ओळख

टचस्क्रीनवर बोट टेकताच ऑपरेटिंग सिस्टिम त्याची वर्दी प्रोग्रामला देते. या वर्दीस ‘इव्हेंट’ अशी संज्ञा आहे. तिच्या स्वरूपात पडत गेलेला फरक भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक वाटावा. कारण त्याच्या मुळाशी नामकरणाचा प्रश्न आहे.

माउसच्या बाबतीत हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. पडद्यावरील दर्शक एकच असल्याने त्याचे स्थान आणि बटणाची स्थिती कळविली की वर्दी पुरी होई. २००७ साली आयफोन बाजारात आला आणि अनेक बोटांचा एकसमयी स्पर्श सर्वपरिचित झाला. दोन बोटे जवळ येऊन पुन्हा दूर गेली, तर ती परस्परांस ओलांडून गेली की आल्या वाटेने परतली, हे केवळ स्थानांच्या यादीवरून निश्चित ठरत नाही.

लिनक्स कर्नलने यावर क्रमाने दोन उत्तरे दिली. २००९ मधील ‘ए’ पद्धतीत स्पर्श अनामिक असत. दर खेपेस सर्वांची स्थाने कळविली जात आणि कोणता स्पर्श पूर्वीचा, हे ताडण्याचे काम पुढील सॉफ्टवेअरवर पडे. २०१० मधील ‘बी’ पद्धतीने प्रत्येक स्पर्शास एक स्लॉट व ओळखक्रमांक दिला. बोट उचलताच त्या क्रमांकाच्या जागी उणे १ येतो. एकदा स्लॉट सांगितला की दुसऱ्याचा उल्लेख होईपर्यंत पुढील मजकूर त्यासच लागू होतो, आणि जे बदलले तेवढेच कळविले जाते. कर्ता निश्चित झाल्यावर मराठी वाक्यात तो अध्याहृत राहतो, तसाच हा प्रकार होय. नाम मिळाल्यानेच संक्षेप शक्य झाला.

जुन्या प्रोग्रामांना मात्र माउसचीच भाषा अवगत होती; म्हणून ब्राउझर स्पर्शानंतर माउसच्या कृत्रिम वर्द्याही पाठवू लागले. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१३ मध्ये केवळ स्पर्शापुरते, तर २०१५ मध्ये माउस, लेखणी व स्पर्श या तिहींस ‘पॉइंटर’ या एका संज्ञेखाली आणणारे मानक संमत केले. त्यांत ‘रद्द’ अशीही वर्दी आहे: स्पर्श पान सरकविण्यासाठी होता असे ब्राउझरने ठरविले, तर प्रोग्रामने आपला अर्थ मागे घ्यावयाचा असतो.

यावरून वर्दी ही निव्वळ नोंद नसून अर्थनिर्णय आहे, हे स्पष्ट होते. ओळख खालच्या स्तरावर ठरली, तर सर्व प्रोग्रामांस एकच स्पर्श दिसतो; ती वर सोडली, तर प्रत्येकाचे अनुमान निराळे होऊ शकते. तथापि हे नाम बोटाचे नव्हे. तेच बोट उचलून पुन्हा टेकविले, की स्पर्श नवा ठरतो.