डायनॅमिक दोर (पातळ)

प्रस्तरारोहणात आघाडीचा आरोहक सुटला, तर लांबून त्याच्या पडण्याचा जोर स्वतःत जिरवणारा दोर म्हणजे डायनॅमिक दोर. एकेरी वापराच्या अशा दोरांत सुमारे ९.३ मि.मी. आणि त्याखालचे पातळ, तर ९.८ ते १०.५ मि.मी.चे जाड समजले जातात. ही वाटणी बाजारातली आहे, मानकातली नव्हे. रॅपलिंग (दोरावरून उतरणे), जुमारिंग (दातेरी पकडीने दोरावर चढणे) आणि ओझी ओढण्याचा स्टॅटिक दोर निराळा. तो फारसा लांबत नाही, म्हणून त्यावर लीड (आघाडीची चढाई) करू नये. केले, तर पडण्याचा सगळा हिसका आरोहकाच्या कमरेला आणि वरच्या बोल्टला बसतो.

पातळ दोराची ओढ वजनामुळे आहे. ६० मीटरचा ८.९ मि.मी. दोर ३.२ किलोच्या आसपास भरतो, तेवढाच ९.८ मि.मी. दोर ३.८ किलोच्या. पाठीवर घेतला तर हा फरक किरकोळ वाटतो. पण मार्गाच्या शेवटच्या टप्प्यात, दहा-बारा क्विकड्रॉमधून (दोर बोल्टला अडकवण्याच्या जोडकड्यांतून) घासत येणारा दोर एका हाताने वर खेचून क्लिप करताना तोच जाणवतो. ‘पातळ दोर हलका, पण लवकर झिजतो’ एवढ्यावर बहुतेकांची खरेदी उरकते. त्यातला दुसरा भाग अर्धाच खरा आहे. टिकाऊपणा जाडीच्या आकड्यातून पुरता कळत नाही. आवरणात सूत किती आहे आणि दोर कोणत्या कामाला लावणार, हे त्याहून जास्त सांगून जाते.

आजच्या दोराचे दोन भाग असतात. आत पिळलेल्या पेडांचा गाभा असतो, तो भार घेतो. बाहेर विणलेले आवरण असते, ते गाभ्याचे घासण्यापासून आणि मातीपासून रक्षण करते. कर्नमँटल नावाची ही रचना जर्मनीतील इस्नी येथील एडेलरीड कंपनीने १९५३ मध्ये आणली. त्याआधी नायलॉनचे तीनपदरी पिळाचे दोर आले होते, आणि त्यांच्याही आधी मनिला व हेम्पसारख्या वनस्पतिज धाग्यांचे. त्याच काळात, १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना चौघे कोसळले, तेव्हा वाटाड्या थोरला टाउगवाल्डर आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस यांच्यामधला दोर तुटला. त्याच तुकडीतल्या एडवर्ड व्हिम्परच्या सांगण्यानुसार बरोबरच्या तीन प्रकारच्या दोरांपैकी तो सर्वांत पातळ आणि जुना होता. त्याचा तुकडा त्सेरमाटच्या संग्रहालयात आहे. पातळ दोराबद्दलचा जुना अविश्वास अगदीच निराधार नाही, पण तो त्या काळच्या धाग्याचा आहे. पॉलिअमाइडचा (नायलॉनचा) आजचा दोर मुख्यतः कातळाच्या धारेवर कापला जाऊन तुटतो. नुसत्या पडण्याच्या ताणाने तो सहसा तुटत नाही.

युरोपीय मानक ईएन ८९२ आणि आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचे (यूआयएए) मानक १०१ यांनुसार एकेरी दोराला ८० किलोचे वजन बांधून ते ५ मि.मी. त्रिज्येच्या गोल कडेवरून वारंवार पाडतात. दोन पडण्यांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते. दोराने किमान पाच पडणी सोसावी लागतात आणि पहिल्या पडण्याला बसणारा हिसका १२ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो. जोडीने, पण आळीपाळीने क्लिप करायच्या हाफ दोराची चाचणी ५५ किलोवर होते आणि हिसक्याची मर्यादा ८ किलोन्यूटन असते. ट्विन दोर दोन्ही मिळून तपासतात, त्यांना १२ पडणी झेपावी लागतात. एकच दोर तिन्ही कसोट्यांना उतरू शकतो; बील कंपनीचा ९.१ मि.मी.चा ‘जोकर’ हे त्याचे ठळक उदाहरण.

या चाचणीत पडण्याचा घटक, म्हणजे पडण्याची उंची भागिले सुटलेल्या दोराची लांबी, १.७ च्या पुढे ठेवलेला असतो. कातळावर तो सहसा इतका नसतो. दहा मीटर दोर बाहेर असताना शेवटच्या क्विकड्रॉच्या दोन मीटर वरून सुटलेला आरोहक साधारण चार मीटर पडतो, घटक ०.४. मात्र अनेक टप्प्यांच्या चढाईत बिले स्टेशनवरून (जोडीदार दोर सांभाळतो त्या ठिकाणाहून) निघून पहिला बोल्ट गाठण्याआधीच कोणी पडला, तर घटक २ पर्यंत जातो. म्हणून वेष्टनावरचा पडण्यांचा आकडा म्हणजे आयुष्य नव्हे. पाच पडण्यांचा दोर सहाव्या वेळी तुटतो, असा त्याचा अर्थ लावू नये. आणि नऊ पडण्यांचा दोर दुप्पट टिकेल, अशी आशाही ठेवू नये. तो आकडा गाभ्याची ताकद सांगतो. खडकावर आधी मरते ते आवरण.

आवरणाचा हिशेब वेष्टनावरच्या दोन आकड्यांतून घरबसल्या करता येतो. मीटरमागचे वजन घ्यावे, त्याला आवरणाच्या टक्केवारीने गुणावे. ५३ ग्रॅम वजनाच्या आणि ४२ टक्के आवरणाच्या पातळ दोरात मीटरमागे सुमारे २२.३ ग्रॅम सूत बाहेर असते. ५८ ग्रॅमच्या, ३४ टक्के आवरणाच्या, त्याहून जाड दोरात ते १९.७ ग्रॅमच भरते. घासण्यापुरता विचार केला, तर इथे पातळ दोरच सरस. अर्थात त्याचा गाभा कृश असतो, त्यामुळे पडण्यांचा आकडा खाली येतो. टिकाऊ पातळ दोर हवा असेल, तर हा सौदा मुद्दाम करायचा असतो. जाडीच्या आकड्यावर फार विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. एकेरी दोराची जाडी मानकाप्रमाणे १० किलोचा ताण देऊन मोजतात. काही महिने वापरलेला, धूळ खाऊन फुगलेला दोर उपकरणात घातला की तो त्या मापाचा राहिलेला नसतो.

विणीकडेही पाहावे. कमी बॉबिनवर (विणीच्या रिळांवर), जाड सुताने विणलेले आवरण खरखरीत लागते, पण घासणी जास्त सोसते. जास्त बॉबिनचे मऊ असते आणि क्विकड्रॉमधून सुळकन सरकते. दुकानात हाताला आवडतो तो दुसरा. गाभा आणि आवरण एकमेकांना जोडणाऱ्या रचनेत, उदाहरणार्थ बीलच्या ‘युनिकोर’मध्ये, आवरण कापले गेले तरी ते गाभ्यावरून घसरून गोळा होत नाही. अर्ध्या रॅपलमध्ये आवरण असे गोळा झाले तर उतरणे अडकते, तेव्हा याची किंमत कळते.

धार हा वेगळाच प्रश्न आहे. ताणलेला पॉलिअमाइड दोर तीक्ष्ण कडेवर आडवा सरकला, तर जाड-पातळ हा भेद फार काळ पुरत नाही. यूआयएएने धारेवरची एक चाचणी काही काळ चालवूनही पाहिली, पण निकालांची खात्रीलायक पुनरावृत्ती होईना म्हणून ती मागे घेतली. आवरणात अरामिड धागा विणलेला एडेलरीडचा ८.९ मि.मी.चा ‘स्विफ्ट प्रोटेक्ट’ हे या अडचणीवरचे अलीकडचे उत्तर. अरामिड कापायला चिवट, पण तो जवळपास लांबत नाही. म्हणून भार घेण्याचे आणि लांबण्याचे काम पॉलिअमाइडकडेच ठेवावे लागते. असे दोर महाग पडतात. धारदार कातळावर नियमित चढणाऱ्याने तो खर्च करावा, इतरांनी नाही केला तरी चालेल.

सह्याद्रीत हा मुद्दा फार जवळचा होतो. बेसॉल्टच्या थरांमुळे कड्यावर जागोजागी पायऱ्या आणि धारदार कड असते, मधल्या पट्ट्यांत मुरूम आणि सुटे दगड. वानरलिंगी, लिंगाणा किंवा तैलबैला इथे दोर कातळाला टेकतो, घासतो, घसाऱ्यातून ओढला जातो, आणि मागून येणारी मंडळी बरेचदा जुमार लावून वर येतात. जुमारचे दात पातळ आवरण फाडू शकतात. त्या कामाला वेगळा स्टॅटिक दोरच हवा. गिर्यारोहण संस्थेचा सामाईक दोर, ज्यावर शिबिरातली नवी मुलेही चढणार, तो ९.८ च्या खाली घेऊ नये. पातळ दोर घ्यावा तो स्वतःच्या नावाचा, लीडसाठी राखलेला. बदामीच्या बाहेर झुकलेल्या वालुकाश्मी भिंतींवर दोर बऱ्याच अंशी हवेत राहतो, तिथे ९.१–९.२ मि.मी. सुखाने वापरता येतो. तिथेही टॉप-रोपला (वरून आलेल्या दोरावर चढताना) मात्र जाडच बरा, कारण ८ टक्के लांबणाऱ्या दोराचे ३० मीटर बाहेर असले, तर ८० किलोच्या माणसाखाली तो २.४ मीटर खाली येतो, आणि जमीन तेवढ्या अंतरावर असू शकते.

बिले उपकरण आणि दोर यांची जोडी जमली पाहिजे. पेट्झलचे १९९१ चे मूळ ग्रीग्री जाड दोरांसाठी होते. २०११ च्या ग्रीग्री २ ने मर्यादा ८.९ मि.मी.पर्यंत आणली, २०१९ च्या आवृत्तीने ८.५ पर्यंत. संस्थेच्या कपाटातले जुने ग्रीग्री नव्या पातळ दोरावर लावणे हा सरळ अपघाताचा रस्ता आहे. उपकरणावर कोरलेला आकडा वाचावा. ट्यूबसारख्या साध्या उपकरणात पातळ, कोरा, मेणचट दोर हातातून वेगाने पळतो. बिले देणाऱ्याला हातमोजे आणि सवय, दोन्ही लागतात.

भिजलेला दोर जड होतो आणि कमी पडणी सोसतो. यूआयएएच्या जलरोधक चाचणीत दोराने वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी प्यावे लागते. प्रक्रिया न केलेला दोर ४० टक्क्यांच्याही पुढे जातो. नुसते ‘ड्राय’ असे छापलेले असले तर ते या चाचणीचेच असेल असे नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात लीड क्लाइंबिंग जवळपास थांबतेच, म्हणून या प्रक्रियेसाठी जादा पैसे मोजण्याआधी हिमालयाचा बेत खरोखर आहे का, ते पाहावे. धूळ मात्र बाराही महिने नडते. दोर ताडपत्रीवर ठेवावा, मळला की साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा.

सर्वांत आधी झिजतात ती टोके, कारण गाठ आणि पडण्याचा मार तिथेच. म्हणून ६० ऐवजी ७० मीटर घेऊन पुढे दोन-तीन मीटर कापत जाणे शहाणपणाचे. एकाच बाजूने कापले की मध्याची खूण खोटी ठरते, हे पुष्कळदा रॅपलच्या वेळी लक्षात येते. खूण पुन्हा करावी, तीही दोराच्या निर्मात्याने मान्य केलेल्या शाईने. आवरणातून गाभा दिसू लागला, एखादी जागा चपटी किंवा पोकळ लागली, बोटांत दुमडताना कुठे अवाजवी कडक वळण आले, तर तेवढा भाग किंवा सगळा दोर बाद. न वापरलेल्या दोरालाही बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मर्यादा घालतात. बॅटरीचे आम्ल पॉलिअमाइडला आतून खाते आणि वरून काही दिसेलच असे नाही. इन्व्हर्टरशेजारी किंवा जीपच्या मागे बॅटरीलगत ठेवलेल्या दोराबाबत शंका आली, तरी तो बाद धरावा. बाद दोर कपाटात परत ठेवू नये, लगेच तुकडे करावेत. अखंड राहिलेला दोर पुढच्या शिबिराच्या रॅपलिंगला कोणीतरी काढतेच.