क्षमापत्रांचा बाजार

छपाईचे यंत्र नवे होते तेव्हाच माइन्झमध्ये त्यावर क्षमापत्रे छापली जाऊ लागली. १४५४ सालची अशी पत्रे आजही जतन केलेली आहेत. त्यांत घेणाऱ्याच्या नावासाठी मोकळी जागा सोडलेली दिसते.

पापाची कबुली दिल्यावर क्षमा मिळे, पण प्रायश्चित्त उरे. ते या पत्राने माफ होई. १४७६ पासून, मृत्यूनंतर आत्मे जिथे शुद्ध होतात त्या शुद्धिस्थानातल्या मृतांसाठीही अशी पत्रे मिळू लागली आणि आईबापांवरच्या मायेलाच किंमत लागली. यापेक्षा क्रूर व्यवहार क्वचितच झाला असेल.

माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने पदासाठी आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून कर्ज काढले होते. क्षमापत्रांच्या विक्रीचा निम्मा पैसा त्या कर्जात जाई, निम्मा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. ही पत्रे विकणाऱ्या योहान टेट्झेलला सॅक्सनीत विक्रीची बंदी होती, म्हणून तिथल्या विटेनबर्गचे लोक सीमा ओलांडून जात.

विटेनबर्गमध्येच मार्टिन ल्यूथर शिकवत होता. मठात उपास, जागरणे, तासन्‌तास कबुल्या करूनही त्याच्या मनाची तळमळ शमली नव्हती. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात त्याला उत्तर सापडले: नीतिमत्त्व कमवायचे नसते, ते देवाच्या कृपेने, विश्वासाने मिळते. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने क्षमापत्रांविरुद्धचे आपले ९५ मुद्दे आल्ब्रेख्टलाच पाठवले.

तारण कृपेनेच मिळते, या मुद्द्यावर कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, फुगरांच्याच आउग्सबुर्गमध्ये.