नाव आणि क्रमांक : युनिक्सच्या दप्तरातील एक जुना व्यवहार

न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत, केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ज्या पीडीपी-११ यंत्रावर युनिक्स ही प्रणाली नांदती केली, त्याची स्मृती अवघी २४ किलोबाइट आणि तबकडी ५१२ किलोबाइटांची असल्यामुळे, एकेका बाइटाचा हिशेब ठेवण्यावाचून त्यांस गत्यंतर नव्हते. प्रत्येक फाइलीची जी मूळ नोंद तबकडीवर राही, त्या 'आयनोड'ला ३२ बाइटांची जागा मुक्रर केलेली होती आणि तीतून फाइलीच्या मालकाच्या वाट्याला नेमका एक बाइट आला होता. आठ अक्षरांचे नाव तेथे लिहावयाचे म्हटले असते, तर नोंदीचा चतुर्थांश त्यातच खर्ची पडता. म्हणून मालक हा क्रमांकरूप झाला, आणि शून्य क्रमांकाच्या धन्याला कोणत्याही फाइलीची आडकाठी उरली नाही. ही व्यवस्था काटकसरीपोटी जन्मली हे खरे, तथापि तिचा खरा गुण मला अन्यत्र दिसतो : प्रणालीच्या गाभ्याला माणसांची नावे जाणून घेण्याचे कारणच पडत नाही, दोन अंक ताडून पाहिले की अधिकाराचा निर्णय होतो, आणि नावानिशीचा सारा व्यवहार बाहेरच्या किरकोळ आज्ञावल्यांवर सोपवून देता येतो.

त्या आज्ञावल्यांसाठी एक साधी वही लागे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेल्या पहिल्या माहितीपुस्तिकेत अशा दोन वह्या आढळतात. एक 'पासवर्ड' नावाची आणि दुसरी 'यूआयडीज' नावाची, जिचे एकमेव प्रयोजन नाव आणि क्रमांक यांची जोडी लावून देणे हे होते. मालकी बदलणारी 'सीएचओन' ही आज्ञा दशमान क्रमांकही स्वीकारी आणि या वहीतले नावही. उलट दिशेने 'एलएस' ही आज्ञा आयनोडमधील अंक घेऊन वहीतून त्याचे नाव शोधी. एकाच माहितीच्या दोन वह्या ठेवल्या की आज ना उद्या त्यांत तफावत पडावयाचीच, हे कचेरीतला कोणताही जुना कारकून सांगू शकेल. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत दुसरी वही दप्तरातून नाहीशी झालेली दिसते, ती याच अनुभवाने असावी. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत नावावरून ओळ शोधणारे 'गेटपीडब्ल्यूनॅम' आणि क्रमांकावरून शोधणारे 'गेटपीडब्ल्यूयूआयडी' ही उपकार्ये रूढ झाली, क्रमांकाला दोन बाइट मिळाले, आणि पुढे 'आयडी'सारख्या आज्ञा त्यांच्याच आधारावर उभ्या राहिल्या.

ही उपकार्ये वही पहिल्या ओळीपासून वाचू लागत आणि जुळणारी पहिली ओळ सापडताच थांबत. बर्कली येथील परंपरेत शून्य क्रमांकाच्या धन्याचे 'रूट' हे नाव उलटे लिहून 'टूर' नावाचे दुसरे खाते शून्य क्रमांकावरच ठेवण्याचा प्रघात पडला. परंतु फाइलींची यादी काढली की मालक म्हणून रूटचेच नाव येई, कारण त्याची ओळ आधी होती. याहून गंभीर मामला निघून गेलेल्या माणसांचा. खातेदाराची ओळ वहीतून खारीज केली, तरी त्याच्या फाइली तबकडीवर जशाच्या तशा राहतात आणि 'एलएस'ला नाव न सापडल्याने मालकाच्या रकान्यात उघडा अंक दिसू लागतो. तो अंक नव्या इसमास बहाल झाला, की कोणताही दस्तऐवज न होता ती सारी बेवारस मिळकत त्याच्या मालकीची होते. सावध व्यवस्थापक म्हणूनच जुनी ओळ खोडीत नसत, तिचा परवलीचा शब्दच निकामी करून ठेवीत.

यंत्रे तारांनी जोडली गेल्यावर मात्र या व्यवस्थेची मर्यादा उघडी पडली. सन कंपनीच्या १९८५ च्या सुमारास प्रचारात आलेल्या 'एनएफएस' पद्धतीत एक यंत्र दुसऱ्याला नाव न सांगता क्रमांक सांगे, आणि येथला १०१ क्रमांकाचा खातेदार तिथे भलताच कोणी असला, तर त्याच्या फाइली बिनदिक्कत याच्या हाती जात. यावर तोड म्हणून त्याच कंपनीने सर्व यंत्रांना एकच वही पुरवणारी 'यलो पेजेस' ही योजना काढली. त्या नावावर ब्रिटिश टेलिकॉमचा व्यापारी हक्क निघाल्याने तिला 'एनआयएस' म्हणणे भाग पडले. वही स्थानिक आहे की दूरची, याची चौकशी न करता उत्तर आणून देणारी 'गेटएन्ट' ही आज्ञा अशा बहुविध वह्यांच्या काळातली. फाइलींची गाठोडी बांधणाऱ्या 'टार'च्या १९८८ च्या प्रमाणित स्वरूपात तर क्रमांकाच्या जोडीला नावही लिहिले जाऊ लागले, आणि गाठोडे उघडताना ते नाव त्या यंत्रावर असेल तर तेच ग्राह्य धरावे, नसेल तर क्रमांकावर भागवावे, असे ठरले.

राहता राहिला प्रश्न ज्यांचे नावच अंकांचे बनलेले आहे अशांचा, उदाहरणार्थ '५००' या नावाच्या खातेदाराचा, ज्याचा क्रमांक ७०० आहे. 'सीएचओन'ला ५०० असे सांगितले असता तिने काय समजावे? पॉझिक्स या मानकाचा निवाडा असा की आधी ते नाव म्हणून वहीत शोधावे आणि न सापडल्यासच क्रमांक मानावे. अर्थात फाइल ७०० क्रमांकाकडे जाते, आणि ५०० हा क्रमांक ज्याचा आहे त्याला तिची वार्ताही लागत नाही.