कमरेतलं काळं कडं

नव्वदच्या दशकात ज्या घरांत जी. आय. जोचे सैनिक होते, तिथे एक प्रसंग ठरलेला असे. सकाळी धडधाकट असलेल्या सैनिकाचे पाय संध्याकाळी गळून पडलेले असायचे. छाती एकीकडे, पाय दुसरीकडे, कमरेचा तुकडा पलंगाखाली. ‘मोडलं, टाकून दे’, असा घरातल्यांचा निकाल. प्रत्यक्षात प्लास्टिक शाबूत असायचं. तुटलेलं असायचं ते पोटातलं एक रबरी कडं.

या कड्याला इतिहास आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो बाजारात आणला. बार्बी येऊन पाच वर्षं झाली होती, पण मुलगे बाहुल्यांशी खेळणार नाहीत अशी धास्ती होती. म्हणून ‘बाहुली’ हा शब्दच टाळला गेला आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नाव रूढ केलं गेलं. आता नावाप्रमाणे हालचालही हवी! जवळपास फूटभर उंचीच्या या सैनिकाला २१ हलते भाग होते. आत ताणलेलं इलॅस्टिक त्याचे अवयव धडाशी ओढून धरायचं. या सांध्यांना १९६६मध्ये पेटंट मिळालं. गंमत म्हणजे पुढे आयातशुल्काच्या वादात, १९८९ साली, अमेरिकी न्यायालयाने निर्वाळा दिला की ही बाहुलीच आहे.

प्लास्टिक खनिज तेलातून येतं. १९७३च्या तेलसंकटानंतर एवढी मोठी खेळणी परवडेनाशी झाली. १९७८मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ची पावणेचार इंची माणसं आणली. मान, दोन खांदे, दोन मांड्या, एवढ्या पाचच जागी ती हलत. १९८२मध्ये हॅस्ब्रोने जी. आय. जो त्याच उंचीचा करून परत आणला, पण त्याचे गुडघे, कोपरं आणि कंबरही वाकत होती. वर्षभरात दंडही फिरू लागला.

कमरेची युक्ती साधी होती. दोन्ही पाय एका धातूच्या आकड्याला अडकवलेले. आकड्यातून निघालेलं रबरी कडं कमरेच्या तुकड्यातून वर जाऊन छातीतल्या स्क्रूच्या खांबाला अडकतं आणि पाय, कंबर, छाती एकमेकांवर घट्ट दाबून ठेवतं. हे कडं म्हणजे यंत्रांमधली ओ-रिंग. तिचं मूळ काम गळती थांबवणं. दोन पृष्ठभागांमध्ये दबून बसायचं. खेळण्यात मात्र ती रात्रंदिवस ताणलेली. अशा ताणात रबर हळूहळू कडक होतं, त्याला चिरा पडतात आणि एक दिवस ते तुटतं.

भारतात हे सैनिक बनवले फनस्कूलने. टायर बनवणाऱ्या एमआरएफने हॅस्ब्रोबरोबर ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. म्हणजे ज्या खेळण्याचं आयुष्य एका रबरी कड्यावर बेतलेलं, ते आपल्याकडे आलं रबराच्या व्यवसायातून! फनस्कूलचे रंग मूळ अमेरिकी सैनिकांपेक्षा वेगळे असत, त्यामुळे जगभरचे संग्राहक आज ते शोधत असतात.

दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. पाठीवरचा एकुलता एक स्क्रू काढा. छाती दोन भागांत उघडते. डोकं आणि हात मोकळे होतात. जुन्या कड्याचे तुकडे काढून त्याच मापाचं नवं कडं बसवा. माप महत्त्वाचं. कडं फार घट्ट असेल तर मांड्यांमधलं नाजूक प्लास्टिक तडकतं. सैल असेल तर सैनिक झिंगल्यासारखा डुलतो. साधा रबरबँड चालतो, पण थोडेच दिवस. मग तो चिकट होऊन तुटतो. खांदा ढिला असेल तर छाती उघडी असतानाच खांद्याच्या गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या आणि पूर्ण सुकल्यावरच जोडणी करा. झिजेने गेलेली जाडी तो थर भरून काढतो. शेवटी स्क्रू बेताने पिळा. जोर लावलात तर प्लास्टिकचे आटे जातात आणि मग स्क्रू कधीच धरत नाही. कोपर आणि गुडघ्याला मात्र रिव्हेट असते, ती उघडत नाही.

२००७मध्ये, पंचविसाव्या वर्धापनाच्या मालिकेत, हॅस्ब्रोने कड्याची रचना सोडली. नवे सैनिक दिसायला अधिक रेखीव; कमरेत तुटणारं रबर नाही. पण पाठीवरचा तो स्क्रूही गेला. हा सौदा ओळखीचा वाटेल, कारण बॅटरी सहज निघणारे फोनही याच वाटेने गेले. जुन्या सैनिकाचा सांधा कमकुवत होता हे खरंच. पण तो कमकुवत भाग बदलण्याजोगा होता, स्वस्त होता आणि तिथवर पोचायचा रस्ता बनवणाऱ्यानेच ठेवला होता. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा सैनिक आजही नवं कडं घालून ताठ उभा राहतो. ‘टिकाऊ’ या शब्दाचा एक अर्थ न मोडणारं, आणि दुसरा, मोडल्यावर उघडता येणारं. दुकानात आपल्याला फक्त पहिला अर्थ विकला जातो.