दळण कुणाचं, पीक कुणाचं

आमच्या सोप्यात दोन तुरुंग नांदत होते. एक थोरल्या आबांचा, एक आजीचा. थोरले आबा म्हणजे आजोबांचे वडीलबंधू. 1932 च्या सत्याग्रहात ते विसापूरला सक्तमजुरी भोगून आले होते. आजीचं माहेर आटपाडीकडचं. लहानपणी तिनं पाहिलेले कैदी आठवडी बाजारात भाजी विकायला बसत. आबांच्या गोष्टीत जातं असे, आजीच्या गोष्टीत मेथीच्या पेंढ्या. ऐकणाऱ्या पोरांना वाटे, दोघांपैकी कुणीतरी थाप मारतंय.

आबा 'सी' वर्गातले. राजबंद्यांपैकी काहींना वरचा वर्ग मिळे. खेड्यातल्या पोराला कोण विचारतो? दळणाचा वाटा ठरलेला. समोरासमोर दोघं, खुंट्याला चार हात. पीठ जाड पडलं की मुकादम ओरडणार. हा मुकादमही कैदीच. शिक्षेची काही वर्षं नीट काढलेल्या कैद्याला बढती देऊन इतरांवर नेमायचं, ही तेव्हाच्या तुरुंगांची रीत होती. पगार वाचे, आणि कैद्याला कैदीच वचकून राही. हाताला आलेल्या फोडांबद्दल आबा फारसं बोलत नसत. त्यांना सलत असे ते वेगळंच. ते म्हणत, "घरी आई दळायची तेव्हा पीठ कुणाच्या ताटात जाणार ते तिला ठाऊक असायचं. आम्ही दळलं, ते कुठं गेलं देव जाणे."

दर पंधरवड्याला मात्र काट्यावर उभं करत आणि वजन तिकिटावर लिहीत, हे ते हसत सांगायचे. ही साहेबाची लहर नव्हती. 1894 च्या तुरुंग कायद्यातच तसं कलम आहे. मजुरीच्या कैद्याला दिवसात 9 तासांपेक्षा जास्त काम देऊ नये, डॉक्टरनं त्याला अधूनमधून तपासावं, आणि निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याचं वजन नोंदवावं. त्या काळाच्या मानानं हे कैद्याच्या हिताचंच म्हणायचं. पण कायद्याची सगळी काळजी शरीराची: किती तास राबलं, किती शेर उरलं. राबणाऱ्याला त्या कामातून काय मिळालं, याचा रकाना त्या तिकिटावर नव्हता.

आणि ही काळजीही प्रत्येक भिंतीआड पोचत नसे. अंदमानचं सेल्युलर जेल 1906 मध्ये बांधून पुरं झालं. तिथं माणसांना बैलाच्या जागी कोलूला जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायला लावत. 1911 मध्ये सावरकर तिथं पोचले. कोलू आणि काथ्याकुटीची ती वर्षं 'माझी जन्मठेप'मधून मराठी घराघरांत माहीत झाली. आबा म्हणत, "आमचं त्यामानानं माहेरपण होतं."

आबांच्या वडिलांकडून आलेली एक गोष्ट तर दंतकथेसारखी वाटे. पंचक्रोशीतला कुणी एक, मारामारीत सजा झालेला, पहिल्या महायुद्धात थेट बसऱ्याला गेला आणि सजा पुरी व्हायच्या आतच सुटून गावात आला. त्या माणसाचं नाव आता कुणाला आठवत नाही, पण तशी माणसं होती. मेसोपोटेमियात फौजेला हमाल हवे होते, रस्ते करणारे हवे होते, झाडूवालेही हवे होते. बाहेरचे मजूर पुरेनात. म्हणून 1916 पासून हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून कैद्यांच्या तुकड्या उभ्या केल्या. जो राजी होईल त्याला मजुरी मिळे आणि शिक्षेत सूटही. असे हजारो कैदी समुद्रापार गेले. ज्याला भिंतीबाहेर पाऊल टाकू देताना पायात बेडी घालत, त्याच्यावर गरज पडली तेव्हा सरकारनं परमुलखात विश्वास टाकला. युद्ध संपलं आणि तो विश्वासही संपला.

पुढे 1919-20 मध्ये सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखाली तुरुंगांची चौकशी करणारी समिती बसली. कैद्याला नुसता धाक नको, तो सुधारून बाहेर पडला पाहिजे, असं तिनं स्पष्ट मांडलं. पण अहवालातलं वाक्य जात्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. आबा दळत होते ते या अहवालानंतर तब्बल बारा वर्षांनी.

त्याच 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. पुढे 'गीता प्रवचने' आबांच्या उशाशी कायम असे. फळाची आशा सोडून काम करावं, ही शिकवण ज्यांच्या कामाचं फळ आधीच काढून घेतलेलं होतं अशांच्या कानी पडत होती. मी एकदा आबांना तसं म्हटलं. ते जरा थांबून म्हणाले, "फळ सोडायला आधी ते हातात यावं लागतं. आम्ही तुरुंग आपणहून पत्करला होता, म्हणून आम्हाला ते जमलं. शेजारच्या बराकीतल्या दरोडेखोराला कुणी विचारलं होतं?"

आजीच्या तुरुंगात नेमकं तेच विचारलं गेलं होतं.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं 1939 मध्ये राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला. बंगळूरला कारखाना चालवणारे पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन, म्हणजे भारतानंद, या कामात राजपुत्र अप्पासाहेबांच्या बरोबर होते. प्रजेवर भरवसा टाकायचा तर कैदीही प्रजाच, असा सरळ हिशेब त्यांनी केला असावा. त्याच वर्षी आटपाडीजवळ माळावर कैद्यांची वसाहत उभी राहिली. तिला ना तट, ना बेड्या. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. माणदेशातला तो माळ, पाऊस बेभरवशाचा. तिथं खुनाच्या शिक्षेतली माणसं विहिरीच्या पाण्यावर शेती करू लागली. जवळ बायकापोरं राहत.

आजी सांगे, "पहिल्या बाजाराला कोण जवळ जाईना. मग आमच्या आईनं भाव इचारला. त्येनं सांगितला, आईनं पाडून मागितला. दोघं भांडली, तवा बाजार सुरू झाला." खुन्याशी घासाघीस करणाऱ्या पणजीचा मला अभिमान वाटतो. त्याला भाव ठरवू देणं आणि तो कमी करायला लावणं, म्हणजे त्याला बरोबरीनं वागवणंच की.

याच प्रयोगावरून माडगूळकरांनी कथा रचली आणि शांतारामबापूंनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले. सिनेमानं बर्लिनला रौप्य अस्वल मिळवलं. आमच्या घरी तो सगळ्यांना आवडला, आजी सोडून. जेलरच्या डोळ्यांच्या धाकानं सहा कैदी माघारी वळतात, हे तिला पटेना. "डोळ्यांच्या भ्यानं कोण ऱ्हातंय? घरात कारभारीण, शिवारात उभं पीक. ते टाकून कुठं पळंल?"

स्वतंत्रपूर आजही महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यात आहे. सिनेमानं श्रेय जेलरला दिलं. त्यात खोटं काही नाही, कुणीतरी आधी भरवसा टाकावाच लागतो. पण आबा आणि आजी या दोघांना शेजारी बसवून ऐकलं की आजीचं म्हणणं जड भरतं. घाम दोन्हीकडे गळला, आणि आटपाडीच्या माळावर तो काही कमी गळला नसेल. विसापूरला पीठ कुठं गेलं ते आबांना कधी कळलं नाही; आटपाडीच्या कैद्याला मात्र मेथीचा भाव आपल्या तोंडानं सांगता आला.