प्राण, प्राणवायू, प्राणायाम
आरंभीची अक्षरे एक, पण अर्थ भिन्न असलेले शब्द. बोलण्यात प्राण म्हणजे जीव. ‘प्राण कंठाशी आले’ म्हणणारा श्वास मोजत नसतो. प्राणवायू हा आयुर्वेदात पंचवायूंपैकी एक, तर रुग्णालयातल्या सिलिंडरमध्ये तो ऑक्सिजन. ही सरमिसळ निरुपद्रवी नाही : प्राणायाम म्हणजे शरीराला जादा ऑक्सिजन, या समजाला ती खतपाणी घालते. मावळात, लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी तो प्रयोगाने पारखला. प्राणायामाचे मोल जादा ऑक्सिजनात नसून मुख्यतः मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे संशोधन-नियतकालिकही १९२४ चेच. आयाम म्हणजे विस्तार किंवा नियमन. प्राणी हा शब्दही याच कुळातला.