डिस्क नवी, फर्मवेअर जुने : नगर जिल्ह्यातील संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायाचे बदलते स्वरूप

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायाची पूर्वपीठिका शोधू गेल्यास ती सहकारी साखर कारखानदारीपर्यंत मागे जाते. प्रवरानगर येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने जे ग्रामीण नेतृत्व घडवले, त्याच परंपरेतून पुढे शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तिन्ही ठिकाणी त्याच वर्षी महाविद्यालये निघाली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचले. प्रत्येक वर्गात जुळणी केलेले संगणक ओळीने मांडलेले असत आणि ते चालू ठेवण्यासाठी जवळपास राहणारा, हाक मारताच येणारा कारागीर लागे. मात्र या कारागिराच्या कामाचे स्वरूप नंतरच्या वीस वर्षांत मुळापासून बदलले, आणि तो बदल समजून घ्यायचा तर हार्ड डिस्क व फर्मवेअर यांच्यातील नाते पाहावे लागते.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवरील, म्हणजे मदरबोर्डवरील, एका चिपमध्ये कायम साठवलेला असा प्रोग्राम, की जो वीज येताच सर्वांत आधी जागा होतो, स्मृती, कळफलक आणि डिस्क यांची तपासणी करतो व मग विंडोजसारख्या कार्यप्रणालीच्या हाती सूत्रे सोपवतो. आयबीएमने १९८१ मध्ये आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये या प्रोग्रामला बायोस असे नाव होते आणि तो डिस्कपासून पूर्णपणे अलिप्त होता. त्यामुळे डिस्क बदलणे हे केवळ स्क्रू, केबल आणि जंपर यांचे काम होते, आणि नंतर ज्याला दुकानांत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात ते केले की यंत्र गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करता येई. बायोस बदलण्याची वेळ क्वचित येई, आणि तीही फ्लॉपीवरून. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच या विषाणूने जगभर असंख्य संगणकांतील बायोस पुसून टाकला, तेव्हा ही चिपसुद्धा बाहेरून लिहिता येते, म्हणूनच ती बिघडवताही येते, हे सर्वसामान्यांच्या लक्षात आले. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात ग्रामीण भागातील कारागिरांना दुसरा धोका होता : बायोस लिहिला जात असतानाच वीज गेली की बोर्ड ‘डेड’ होई. त्यामुळे चालत्या यंत्राच्या बायोसला हात न लावणे, हा शहाणपणा मानला जाऊ लागला.

याच काळात फर्मवेअरची रचना बदलत होती. इंटेलने आखलेल्या नव्या पद्धतीसाठी २००५ मध्ये अनेक कंपन्यांचा संयुक्त मंच स्थापन झाला आणि बायोसच्या जागी यूईएफआय ही व्यवस्था रूढ झाली. २०१२ च्या विंडोज ८ पासून नवे लॅपटॉप प्रामुख्याने याच व्यवस्थेने येऊ लागले. यूईएफआय डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग राखून ठेवते. ईएफआय सिस्टिम पार्टिशन असे नाव असलेल्या या विभागात कार्यप्रणाली सुरू करणाऱ्या फायली असतात, आणि अनेक कंपन्यांच्या लॅपटॉपांत फर्मवेअरची नवी आवृत्तीही आधी तेथेच आणून ठेवली जाते, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होताना चिप ती उचलते आणि स्वतःवर लिहून घेते. ज्या देखभालीसाठी पूर्वी डिस्कची गरजच नव्हती, तिचा एक दुवा अशा रीतीने डिस्कवर गेला. उलट विंडोजचा परवाना, जो पूर्वी लॅपटॉपच्या पाठीवरील चिकटपट्टीवर छापलेला असे, तो विंडोज ८ पासून मदरबोर्डवरील चिपमध्ये गेला. कारागिराने जपायच्या वस्तू तेवढ्याच राहिल्या, पण त्यांच्या जागा बदलल्या.

एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवर आधारित डिस्क, हिच्या किमती उतरल्या तसा या बदलाचा परिणाम दुकानांत दिसू लागला. मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप मुंबई-पुण्याच्या बाजारांतून जिल्ह्यांत येतात, सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, आणि फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणे हे नेहमीचे काम झाले आहे. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीची असेल आणि तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, तर विंडोज चालते, पण राखीव विभागच नसल्यामुळे फर्मवेअरचे अपडेट अडते. विभाग असला तरी नवी डिस्क जोडल्यावर चिपच्या स्मृतीत राहिलेली बूटची नोंद कधी जुन्याच विभागाकडे बोट दाखवते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० सोबत एमबीआरचे जीपीटी या यूईएफआयच्या नव्या विभागणी-पद्धतीमध्ये रूपांतर करणारे साधन दिले, त्यामुळे पहिली अडचण माहिती न पुसता सुटू लागली. डेलच्या अनेक लॅपटॉपांत सुरुवातीलाच एफ१२ दाबले असता फर्मवेअर बदलण्याचा पर्याय येतो आणि पेनड्राइव्हवरील फाईल थेट चिपवर लिहिता येते. बॅटरी निकामी असेल तर मात्र बहुतेक लॅपटॉप अपडेटला नकार देतात, कारण भारनियमनात जो धोका कारागीर स्वतः ओळखत असे, त्याची खबरदारी आता फर्मवेअरच घेते.

डिस्क बदलल्यामुळे फर्मवेअरचे अपडेट अडण्याच्या या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण ॲपलच्या मॅकबुकमध्ये दिसले. २०१७ च्या हाय सिएरा या आवृत्तीपासून ॲपलने फर्मवेअरची अपडेट्स कार्यप्रणालीच्या इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट केली. ज्या मॅकबुकमधील मूळ एसएसडी काढून अन्य कंपनीची बसवली होती, त्यांपैकी अनेकांत फर्मवेअर तपासताना त्रुटी आल्याचे सांगून इन्स्टॉलर थांबू लागला. जुनी डिस्क तात्पुरती परत बसवायची, तिच्यावर नवी कार्यप्रणाली चढवून फर्मवेअर अद्ययावत होऊ द्यायचे आणि मगच नवी डिस्क जोडायची, हा उपाय कारागिरांत रूढ झाला. त्याच वर्षी ड्युओ या सुरक्षा-संस्थेने ७३,००० हून अधिक मॅकचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ४.२ टक्के यंत्रांवरील फर्मवेअर अपेक्षित आवृत्तीचे नव्हते. अपडेट होत नसल्याचा पत्ता वापरणाऱ्याला लागेलच असे नाही, हे त्यातून दिसले.

नव्या डिस्कला स्वतःचेही फर्मवेअर असते. क्रुशियल कंपनीची एम४ ही एसएसडी ५,१८४ तास चालल्यानंतर संगणक वारंवार बंद पाडू लागे, आणि जानेवारी २०१२ मध्ये दिलेल्या नव्या फर्मवेअरनेच तो दोष दूर झाला. सर्व उपाय थकल्यावर काही कारागीर मदरबोर्डवरील फर्मवेअरच्या आठ पायांच्या चिपला क्लिप लावून सीएच३४१ए या छोट्या उपकरणाने तिच्यावर थेट लिहितात. चिपमध्ये यंत्राचा अनुक्रमांक आणि विंडोजचा परवाना असल्यामुळे, आधी तिची मूळ प्रत काढून ठेवणे हा या कामाचा पहिला नियम आहे.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि महसुली कामातही संगणकाचा भरवसा आवश्यक झाला, तसा दुरुस्तीचा प्रश्नही अधिक महत्त्वाचा झाला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळाव्यात हा त्या प्रयत्नाचा रोख योग्यच आहे, पण डिस्कच्या उदाहरणावरून असे दिसते की केवळ सुटा भाग मिळाल्याने दुरुस्ती पूर्ण होत नाही, तर त्या भागासह यंत्राची पुढील अपडेट्स चालू राहणेही त्या हक्कात धरावे लागेल. कारागिराच्या बाजूने पाहता कामाचा क्रमच उलटा झाला आहे : पूर्वी डिस्क बदलून मग जमले तर बायोसकडे पाहत, आता बिटलॉकर या विंडोजमधील डिस्क सांकेतिक रूपात बंद करणाऱ्या सोयीचे कुलूप तात्पुरते काढणे, फर्मवेअर अद्ययावत करणे आणि त्यानंतरच डिस्क काढणे हा क्रम सुरक्षित ठरतो, आणि नव्या डिस्कवरून एकदा अपडेट होते आहे याची खात्री पटेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये, ही त्याची अखेरची पायरी आहे.